नांदुऱ्याची ‘मध्यम’ हवा

बुलढाणा जिल्ह्यात हवा पाहायला कोणी जात नाही. लोक खाऱ्या पाण्याचं सरोवर पाहायला जातात, देवदर्शनाला जातात, लग्नाला जातात. मी मुद्दाम हवा पाहायला गेले आणि आठवडाभर पाहून आले. आता इथे जो भेटतो तो विचारतो, “तिथल्या हवेत काय आहे एवढं?” निघताना माझ्याजवळही हाच प्रश्न होता. फक्त त्याचं उत्तर मी घरूनच नेलं होतं.

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील सभांहून परतताना पिशवी भरून आणायचे, आणि त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. त्यातून एक सवय जडली: आधी मथळा, मग माहिती. या वेळचा मथळा पुण्यातच ठरला होता, ‘बुलढाण्याचा श्वास कोण घोटतंय?’ त्याखाली तीन चौकटी रिकाम्या सोडल्या होत्या. तिथे आकडे बसवायचे होते. त्यासाठी आमच्या पर्यावरण गटानं मला साबणाच्या डबीएवढं एक मशीन दिलं होतं. ते एका बाजूच्या जाळीतून हवा ओढतं. समोरच्या काचेवर त्यातल्या बारीक धुळीचा आकडा येतो, आणि आकडा न कळणाऱ्यांसाठी खाली एक शब्द: उत्तम, मध्यम, वाईट किंवा घातक.

दुसरं काम माझ्याबरोबर वसतिगृहात राहणाऱ्या वैशालीनं दिलं होतं. तिची आई सिंधूबाई नांदुऱ्याच्या एका जिनिंगमध्ये कामाला आहे. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याचा कारखाना. आईला तीन हंगाम झाले, धाप लागते. तिनं मालकाला विनंती केली की मला आतून काढून बाहेर अंगणात कापूस निवडायला बसवा. मालक म्हणाला, आतली हवा खराब आहे असं कोण म्हणतं? पुरावा दाखवा, मग बघू.

“तू मशीन घेऊन चाललीच आहेस,” वैशाली म्हणाली, “तर तेवढा पुरावा घेऊन ये.”

मी म्हटलं, त्यात काय, आणते. हे वाक्य मी फार सहज बोलले होते.

दुसरबीड

पहाटे बसमधून उतरले तेव्हा समोरचा रस्ता नव्हता. म्हणजे असणार, पण दिसत नव्हता. आदल्या दिवशी अवकाळी शिंतोडे पडले होते, त्यावर थंडी, आणि सगळ्या गावावर पांढरं काहीतरी पसरलेलं. मी चहाच्या टपरीच्या बाकावर बसून मशीन सुरू केलं. आकडा चढायला लागला. शंभर ओलांडले, दोनशे ओलांडले, तीनशे ओलांडले आणि काच लाल झाली. घातक.

मला आनंद झाला हे कबूल केलं पाहिजे. मी भराभर फोटो काढले, गटावर टाकले आणि टपरीवाल्याला विचारलं, “इथे कारखाना कुठला आहे?”

“कारखाना?” त्यानं कढईत भजी सोडली. “इथं कुठला आलाय कारखाना. हरभरा हाय, तूर हाय.”

“मग हा एवढा धूर कशाचा?”

“धूर?” त्यानं झारा थांबवून चारी बाजूंना पाहिलं, मग माझ्याकडे. “ताई, धुकं हाय ते. तुमच्याकडं पडत न्हाई का?”

बाकाच्या दुसऱ्या टोकाला मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ बशीतून चहा पीत होते. डोईफोडे सर. जवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात आणि गाडी मिळेपर्यंत रोज इथे बसतात. त्यांनी मशीन मागून घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि माझ्या चहाच्या कपावर वाफेत धरलं. आकडा टुणकन वर गेला.

“आता सांगा मॅडम,” सर गंभीरपणे म्हणाले, “तुमचा चहा किती विषारी आहे?”

टपरीवाला हसता हसता खोकला. सरांनी मग मला समजावलं. त्यांचा स्वर सातवीच्या वर्गातला होता आणि मला तो शोभत होता. मशीनच्या आत एक दिवा असतो. हवेत तरंगणारं जे जे त्याच्या उजेडात येतं ते ते मशीन मोजतं. ती धूळ की पाण्याचा थेंब, हे त्याला कळत नाही. हवेत ओलावा फार झाला की ते घाबरतं.

“हवेत सगळ्यात जास्त काय असतं?” त्यांनी अचानक विचारलं.

“ऑक्सिजन,” मी म्हणाले.

“नायट्रोजन, मॅडम. अठ्ठ्याहत्तर टक्के. ऑक्सिजन एकवीसच्या आसपास, थोडा आर्गॉन, आणि ज्याच्यावर तुम्ही मोर्चे काढता तो कार्बन डायऑक्साइड टक्क्याचा चिमूटभर भाग.”

“आमाला बी रोज इचारतेत,” टपरीवाला म्हणाला. “मला पाठ झालंय आता.”

“आणि यात पाण्याची वाफ का नाही?” मी जरा चिडून विचारलं.

“कारण हे कोरड्या हवेचं कोष्टक आहे. कोरडी हवा पुस्तकात असते. धूळही त्या कोष्टकात नसते. आपण जी खातो ती हवा कोणी छापलेली नाही.”

नऊच्या सुमारास ऊन आलं, धुकं विरलं, समोर हरभऱ्याचे हिरवे पट्टे उघडे झाले आणि मशीननं निमूटपणे ‘उत्तम’ दाखवलं. तोवर गटावर माझ्या फोटोखाली संताप उसळला होता. एकानं तर ‘दुसरबीडच्या जनतेनं पेटून उठावं’ असं लिहिलं होतं. दुसरबीडची जनता भजी खात होती. मी फोटो काढून टाकले. पहिली चौकट रिकामीच राहिली.

बुलढाणा

बुलढाणा उंचावर आहे. पुण्याचे लोक पैसे मोजून ज्या हवेसाठी डोंगरावर जातात, ती इथे कारकुनांना फुकट मिळते. गाव कचेऱ्यांचं, कॉलेजांचं, कोर्टाचं. रेल्वे नाही, त्यामुळे घाईही नाही. एका कचेरीच्या, कोणत्या ते सांगत नाही, बागेत हवेचा फलक आहे असं ऐकून मी तिथे गेले.

फलक होता. चहूबाजूंनी मेंदीचं कुंपण, पायाशी हिरवळ, हिरवळीवर गोल फिरणारा पाण्याचा फवारा. एवढ्या लाडात वाढलेली हवा वाईट निघणं कठीणच. हिरव्या अक्षरांत लिहिलेलं: ‘आजची हवा: उत्तम’. मी माझं मशीन शेजारी धरून अर्धा तास उभी राहिले. माझा आकडा वर-खाली होत होता, फलकावरचा ढिम्म. शेवटी आत गेले. टेबलाशी बसलेल्या कारकुनानं शांतपणे ऐकून घेतलं.

“तो बंद आहे,” ते म्हणाले.

“पण उत्तम दाखवतोय.”

“बंद पडला तेव्हा उत्तम होती हवा. तीच राहिली.”

“कधीपासून?”

त्यांनी शेजाऱ्याला विचारलं. शेजाऱ्याच्या मते दिवाळीपासून. तिसऱ्याच्या मते त्याच्या आधीच्या दिवाळीपासून.

“दुरुस्त का नाही केला?”

“बाई,” कारकून खरोखर समजुतीच्या सुरात म्हणाले, “वाईट दाखवत असता तर लगेच केला असता.”

आमच्याकडे चौकात असे फलक लागले की लोक त्यांना शिव्या देतात आणि त्यांच्याखालीच गाडी चालू ठेवून फोनवर बोलतात. इथे निदान फलकाला कोणी त्रास देत नाही.

दुपारच्या बसनं घाट उतरले. वळणागणिक हवा जड आणि ऊबदार होत गेली. खाली सपाटीला लागलं की काळी जमीन, आणि रस्त्याच्या कडेच्या बाभळी पांढऱ्या. आधी वाटलं फुलल्यात. मग पुढे एक कापसाचा ट्रक दिसला, दोन्ही अंगांना फुगलेला, प्रत्येक बाभळीला घासत जाणारा. काट्याकाट्यांवर कापूस लटकत होता. दिसायला फार सुंदर होतं. मी तेही ‘पुरावा’ म्हणून टिपून घेतलं, कशाचा ते ठरवलं नव्हतं.

नांदुरा, जिनिंगमध्ये

सिंधूबाई घराच्या दारातच उभ्या होत्या. चाळिशी ओलांडलेल्या, काटक, बोलताना मध्येच थांबून श्वास घेणाऱ्या.

“आली का वं पोरी? वैशालीनं सांगतलं तवा मले वाटलं कोनी जाडजूड मॅडम येते. तू तं काडीच हायेस. जेव आधी.”

कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकर, हिरव्या वांग्यांचं भरीत, वर कांद्याची पात आणि कच्चं तेल. पुण्यात भरीत म्हणजे ताटातली कोशिंबिरीएवढी गोष्ट. इथे ते डोंगरासारखं वाढतात आणि तुम्ही थांबलात की घरातलं कोणीतरी दुखावतं. मी खात होते आणि त्या सांगत होत्या.

“मले दुसरं काही नाई पाह्यजे. काम सोडत नाई म्हनते मी. फक्त आतून बाहेर बसवा. अंगनात बसून कवडी निवडते.” कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस. “शेठ म्हन्ते, पुरावा आन. आता माया छातीतून पुरावा काढून दाखवू का त्याले?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याबरोबर गेले. अंगणात कापसाचे ढीग, घराएवढे. एक माणूस हातात सळईचं यंत्र घेऊन ढिगाढिगात खुपसत होता. ते ओलावा मोजायचं यंत्र. कापूस फार ओला असला तर भाव उतरतो आणि फार कोरडा असला तर धागा तुटतो, म्हणून कोरड्या ढिगांवर पाण्याचा बारीक फवारा चालू होता. कापसाच्या तब्येतीची इतकी आस्थेनं चौकशी मी कुठे पाहिली नव्हती. बायकांचा घसा कोरडा पडतो, त्यासाठी वेगळी सोय होती. संध्याकाळी काम सुटताना प्रत्येकीच्या हातावर गुळाचा खडा. गूळ खाल्ला की धूळ खाली उतरते, असं मुकादमापासून मालकापर्यंत सर्वांचं मत. छातीतली धूळ पोटात कुठल्या वाटेनं उतरते, ते विचारायची तिथे पद्धत नाही.

आत ओळीनं रेचे लावलेले. रेचा म्हणजे सरकी काढणारं यंत्र. प्रत्येक रेच्यापुढे एक बाई, ओंजळी भरभरून कापूस घालणारी. आवाज असा की स्वतःचा विचार ऐकू येत नाही. आणि हवा पांढरी. तुळयांवर, तारांवर, बायकांच्या भुवयांवर तंतू. या खेपेला बाहेर कडक ऊन होतं, धुकं नव्हतं, चहा नव्हता. मी विजयी मुद्रेनं मशीन सिंधूबाईंच्या रेच्याशेजारी ठेवलं.

आकडा आला: मध्यम.

मी मशीन हलवलं. बंद करून चालू केलं. मध्यम. तासाभरानं पाहिलं तर आकडा आणखी उतरला होता. हवा माझ्या डोळ्यांदेखत सुधारत होती. सिंधूबाई खोकत होत्या, मी शिंकत होते, आणि मशीन प्रसन्न होत चाललं होतं.

मुकादम गजाननभाऊ डोकावून गेले. त्यांनी वर्दी दिली असणार, कारण थोड्याच वेळात शेठ स्वतः आले. साधा शर्ट, गोड बोलणं. माझी विचारपूस केली, आकडा वाचला, पुन्हा वाचला आणि खिशातून फोन काढून त्याचा फोटो घेतला.

“छान काम करता तुमी,” ते ओरडून म्हणाले. “पुण्याहून कोनी आपल्या गावाची हवा मोजाले येते, केवढी गोष्ट हाये! चला, चहा घ्या.”

त्यांच्या काचेच्या खोलीत एक पांढरी पेटी घुं घुं करत होती. हवा स्वच्छ करायचं मशीन. मी माझं मशीन तिथेही लावलं. अर्थातच उत्तम.

“हे इथे कशाला, हवा मध्यम आहे तर?” मी विचारलं.

“कॉम्प्युटरले धूळ चालत नाई ना, ताई.”

चहा होईस्तोवर माझ्या आकड्याचा मोठा छापील फोटो दाराशी डकवला गेला होता. खाली लिहिलं होतं: ‘पुण्याच्या पाहुण्यांनी केलेली तपासणी. हवा मध्यम.’ मी जन्मभर पत्रकं लिहिली, पण माझं पहिलं भिंतीवर लागलेलं पत्रक हे. बायका काम सुटून बाहेर पडताना ते वाचत होत्या, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना दुसऱ्या वाचून दाखवत होत्या. सिंधूबाई ते पाहून माझ्यापाशी आल्या. त्यांनी गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला.

“खाय. तुलेबी लागली असन धूळ.”

घरी येऊन मी चिडून मशीनच्या मागचे स्क्रू काढले. जाळीच्या आत कापसाचा बोळा बसला होता. दाबून, घट्ट, निरांजनात वात म्हणून लावता आला असता इतका छान. जे आत जाऊ शकलं ते मोजलं, आणि मग काहीच आत जाईना, म्हणून हवा सुधारली. त्यातून ते मोजतं बारीक धूळ. कापसाचे लांब तंतू आणि भरड धूळ त्याच्या हिशेबातच नाही.

सिंधूबाईंनी बोळा बोटांत धरून उजेडात पाहिला आणि पहिल्यांदा मोकळेपणी हसल्या. “माय वं! याचंबी नाक भरलं! अन् मले म्हन्ते मध्यम.”

दुसऱ्या दिवशी जिनिंगला सुट्टी, पण शेठ खोलीत होते. मी बोळा त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो हात न लावता पाहिला.

“म्हंजे तुमचं मशीन खराब.”

“खराब नाही. तुमच्या हवेनं बंद पाडलं.”

“तेच म्हनतो ना. मशीन बंद पडलं म्हंजे हवा खराब, हे कोन्या पुस्तकात हाये? दुसरं चांगलं मशीन आना. तोवर हे राहू द्या.” हे, म्हणजे दाराशी डकवलेला फोटो.

सुट्टीचा दिवस आणि त्यानंतरचा

त्या दिवशी सिंधूबाईंच्या दिराच्या मळ्यात रोडग्यांचा बेत होता. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरात पुरून भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे, सोबत वरण आणि तिखट वांग्याची भाजी. गोवऱ्यांचा धूर असा दाटला होता की सवयीनं मी साफ केलेलं मशीन काढलं. प्रवासातला सगळ्यात खरा, सगळ्यात मोठा आकडा मला तिथे मिळाला. घातकच्याही पुढे. रोडगे उलटणाऱ्या दिरानं तो वाचला.

“मंग? फेकून देऊ का रोडगे?”

मी चार खाल्ले. तत्त्वाची माणसं भुकेली असली की तत्त्वं थोडा वेळ बाजूला बसतात.

सिंधूबाई मात्र त्या धुरापासून दूर, लिंबाखाली बसल्या होत्या आणि सलग बोलत होत्या. वाक्य न तोडता. मी ते लक्षात आणून दिलं.

“सुट्टीच्या दिवशी छाती मोकळी राह्यते ना वं. डागदरकडे जाते तेबी सुट्टीलेच. तो नळी लावते, म्हन्ते काही नाई बाई तुले. अन् सुट्टी झाली की कामाच्या पैल्या दिवशी संध्याकाळी असा गोटा बसते छातीवर. मंग हप्ताभर उतरते थोडा थोडा.”

“पहिल्या दिवशीच जास्त?”

“सगळ्याइचं तसंच हाये. आमी म्हनतो, कापूस रुसते. एक दिवस सोडला की रुसते.”

संध्याकाळी आम्ही गावातल्या एका तरुण डॉक्टरांकडे गेलो. सिंधूबाईंचं कापूस रुसण्याचं बोलणं मी त्यांना सांगितलं तसे ते खुर्चीत सरळ बसले. कापसाच्या धुळीचं दुखणं असंच असतं, म्हणाले. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते. आजवर त्यांना कोणी हे सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी कपाटातून एक प्लॅस्टिकची नळी काढली. तिच्यात जोरानं फुंकायचं, आतला काटा पुढे सरकतो. जेवढा दम तेवढा काटा.

“उद्या कामावर जाण्याआधी फुंका आणि संध्याकाळी सुटल्यावर पुन्हा फुंका. मी लिहून देतो.”

मी इथे थांबले. पुरावा हवा तर सिंधूबाईंना आणखी एक दिवस तीच हवा छातीत भरावी लागणार होती. माझ्या मशीननं गमावलेली गोष्ट त्यांच्या छातीनं मिळवायची होती. मी तसं म्हणाले.

“तू नसती आली तं काय उद्या घरी बसली असती मी?” त्या म्हणाल्या. “फुंकते. मशीनपेक्षा बरी हाये मी. माया जाळीत बोळा बसला तरी मी बंद पडत नाई.”

सकाळी दाराशी फुंकलं. काटा बराच पुढे गेला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आकडा लिहिला. दिवसभर मी अंगणात कापसाच्या ढिगाला टेकून बसले होते आणि सळईवाला माणूस माझ्याभोवतीच्या कापसाचा ओलावा दर तासाला विचारत होता. संध्याकाळी सिंधूबाई बाहेर आल्या तेव्हा दोन पावलांवर थांबत होत्या. मी शेठना बोलावलं, गजाननभाऊंना बोलावलं. दोघांसमोर सिंधूबाईंनी फुंकलं. काटा सकाळच्या निम्म्यालाही पोचला नाही. पुन्हा फुंकलं. तेवढाच. तिसऱ्यांदा त्यांना खोकल्यानं फुंकूच दिलं नाही.

शेठ काट्याकडे पाहत राहिले. रोज ओलाव्याचे आकडे पाहून भाव ठरवणारे ते, हाही आकडा कळला त्यांना.

निघण्याचा दिवस

सकाळी मी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन गेले. भाषण तयार होतं. पण शेठनी चिठ्ठी वाचली, घडी केली आणि म्हणाले, “गजाननभाऊ, सिंधूबाईले आजपासून अंगनात बसवा.”

वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. सिंधूबाई कवडीच्या ढिगाशी उन्हात जाऊन बसल्या. मी फोटो काढला. मनात मथळा तयार होत होता, तेवढ्यात शेठ जाता जाता म्हणाले, “अन् तिच्या रेच्यावर रुखमाले घ्या.”

रुखमा म्हणजे सिंधूबाईंच्या शेजारणीची सून. वीस-बावीसची, याच हंगामात कामाला लागलेली, आजवर अंगणात बसणारी. ती खूश झाली. आत सावली असते. तोंडाला रुमाल बांधत ती माझ्या कॅमेऱ्यासमोरून आत निघाली आणि माझा विजयाचा फोटो अर्धा झाकला गेला.

मी फोन खाली केला. आत तोच रेचा, तीच पांढरी हवा, आणि पुढे उभी राहायला नवीन छाती. मी शेठच्या खोलीकडे वळणार होते, भाषणाला अखेर विषय मिळाला होता. पण सिंधूबाई माझ्याआधी उठल्या होत्या.

“रुखमे, थांब.” त्यांनी माझ्याकडे हात केला. “दे वं ते नळी.”

मी दिली. त्यांनी पदरानं तिचं तोंड पुसलं, चहावाल्याकडून गरम पाणी घेऊन खंगाळली आणि रुखमाच्या हातात दिली.

“फुंक. जोरात. नवऱ्यावर चिडल्यावानी.”

रुखमानं हसत फुंकलं. काटा टोकाला गेला. सिंधूबाईंनी सरकीच्या पोत्यावर खूण करायचा कोळसा उचलला आणि दाराच्या चौकटीवर रुखमाच्या नावाचा आकडा लिहायला लावला, वाचता येणाऱ्या एकीला. मग दुसरी पुढे आली. मग तिसरी. प्रत्येक वेळी नळी खंगाळायची, फुंकायचं, कोळशानं लिहायचं. ज्या जुन्या होत्या त्यांचा काटा सकाळीच अर्ध्यावर थांबत होता. त्या आपला आकडा वाचून बाजूला सरकत होत्या, आणि रुखमाचं हसू ओळ पुढे सरकेल तसं कमी होत होतं.

कामाचा भोंगा झाला तरी ओळ मोडेना. गजाननभाऊ धावत आले.

“काय लावलं हे बायांनो? रेचे रिकामे हायेत!”

“काही नाई भाऊ,” सिंधूबाई म्हणाल्या. “आत जातानी कोनाजवळ किती हाये ते लिहून ठेवून राह्यलो. संध्याकाळी बाहेर येतानी किती राह्यलं, ते तुमी पाहून घेजा.”

भाऊ चौकटीवरचे आकडे वाचू लागले. ओठ हलवत, एकेका नावापाशी थांबत. वीस वर्षं त्याच हवेत उभा असलेला माणूस. त्यांनी शेठच्या खोलीकडे पाहिलं. काचेआड पाठ दिसत होती. मग त्यांनी नळी हळूच मागून घेतली, बायकांकडे पाठ केली आणि फुंकली.

काटा कुठवर गेला ते त्यांनी कोणाला दाखवलं नाही. अंगठ्यानं तो परत शून्यावर ढकलला, नळी सिंधूबाईंच्या हातात दिली आणि म्हणाले, “बाकीच्याइचं होऊ द्या. रेचे थांबतील दहा मिनिटं.”